दामेलीच्या आठ बरण्या

"चोर माझी सूनच आहे. तुम्ही फक्त पुरावा शोधा," दामेली दारातूनच म्हणाली.

खाजगी तपास करणाऱ्या रौशानला अशी आयती उत्तरं आवडत नसत. "आधी बसा. गेलं काय?"

"कोरियाहून मागवलेलं क्रीम!" दामेलीनं एक बरणी टेबलावर आपटली. वर दौडता घोडा, बाकी सगळी कोरियन अक्षरं. "घोड्याच्या तेलाचं, सुरकुत्यांवर जालीम. एकाच नावावर मोठी ऑर्डर आली की कर लागतो. म्हणून अर्धी माझ्या नावावर, अर्धी सासूबाईंच्या. माझ्या आठ आल्या, त्यांच्या आठ गायब. कंपनी म्हणते, पोचवल्या. तेव्हा घरात सून तोगझान होती!"

"सासूबाईंना विचारलंत?"

"त्यांना कशाला? ऐंशीची म्हातारी, गेला आठवडाभर खोकत पडली होती. ऑर्डरचं त्यांना ठाऊकसुद्धा नाही."

रौशान आपला मदतनीस येर्मेक याला घेऊन दामेलीबरोबर तिच्या घरी निघाली. इमारतीखाली बाकावर तीन म्हाताऱ्या उन्हात बसल्या होत्या.

"या थंडीत गाल कसे तुकतुकीत बघा!" येर्मेक कुरकुरला. "माझे नुसते भेगाळलेत."

वर तोगझान बॅग भरत होती. डोळे सुजलेले. "पार्सल आलं तेव्हा मी आजींच्या सुपासाठी बाजारात गेले होते, आपा. सासूबाईंनी घरोघरी जाऊन मला चोर ठरवलं. आता इथे राहून काय करू?"

रौशाननं पार्सलवाल्याला फोन लावला. "ओळखपत्र पाहिल्याशिवाय मी पार्सल देतच नाही," तो ठणकावून म्हणाला.

"थापाड्या!" दामेली फणकारली.

इतक्यात स्वयंपाकघरातून खणखणीत आवाज आला, "चहा झालाय! उपाशी कुणी जायचं नाही!" बतीमा आजी किटली घेऊन आल्या.

"आजी, खोकला कुठे गेला?" येर्मेकनं विचारलं.

"पळाला! भाच्यानं गावाहून चरबी पाठवली, छातीला चोळली."

रौशान हसली. "मिटलं प्रकरण. चोरी झालेलीच नाही."

"म्हणजे?" येर्मेक गोंधळला.

"पार्सल आजींच्या नावाचं, ओळखपत्र आजींचं. मग घेतलं कुणी? आजींनीच. ऑर्डरचं त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. कोरियन वाचता येत नाही, पण घोडा तर ओळखता येतो! दर हिवाळ्यात खोकल्यावर चोळायला घोड्याची चरबी पाठवतो तो भाचाच, तेव्हा हीही त्याचीच असं त्यांना वाटलं. खोकला आपोआप ओसरला, श्रेय मिळालं क्रीमला. आणि गावाहून आलेलं आजी स्वतःपुरतं कधी ठेवतील? खालचे तुकतुकीत गाल बघितलेस ना?"

"वाटा नको द्यायला?" आजी म्हणाल्या. "मलाही वाटलंच, यंदाच्या चरबीला फुलांचा वास कसा!"

येर्मेक पोट धरून हसू लागला. दामेलीचा मात्र चेहरा पडला. "चुकलं माझं, पोरी. जाऊ नकोस."

तोगझान म्हणाली, "माफी इथे चार भिंतींत नको, सासूबाई. चोर तुम्ही मला घरोघरी म्हणालात."

 दामेलीनं कोट चढवला, डोक्याला रुमाल बांधला आणि शेजारच्या दाराची घंटा वाजवली.