वाकलेल्या स्लाइडचे तीन स्कॅन

पिंपरीत माझं जुने फोटो दुरुस्त करायचं दुकान आहे. भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता, आणि तेव्हा तर भर दुपार होती. मैत्री नावाची एक गिऱ्हाईक आपल्या आईला, सोजरबाईंना, घेऊन आली. त्यांच्या पुडीत फिल्मची एकच स्लाइड होती, पत्र्याच्या गोदामातल्या उष्णतेनं पापडासारखी वाकलेली.

मैत्रीचे वडील विलासराव भोसरीच्या एका कारखान्यात पत्रा दाबायच्या प्रेसवर कामाला होते. १९९१ साली, मैत्री पोटात असतानाच, ते त्या प्रेसमध्ये सापडून गेले. घरातले फोटो पुढं पवना नदीच्या पुरात वाहून गेले. आता कारखाना पाडताना त्यांचे कामावरचे जोडीदार बबनराव यांना गोदामात ही स्लाइड मिळाली. प्रशिक्षणासाठी काढलेली, अपघाताच्याच दिवसाची. मैत्रीनं बापाचा चेहरा कधी पाहिला नव्हता. तिला तेवढाच हवा होता.

"कामात लक्ष नव्हतं, मागं वळून बघितलं, असं कंपनीनं लिहिलं," ती म्हणाली. "बबनकाका शपथेवर सांगतात, बाईनं हाक मारली. पण त्या खात्यात बाईच नव्हती."

वाकलेली स्लाइड काचेत दाबायची नसते, तडकते. वेगवेगळ्या उंचीवर फोकस धरून तीन स्कॅन घ्यायचे आणि मग जोडायचे. मी तिन्ही एकदम लावून दिले. पहिल्यात विलासराव प्रेसवर वाकलेले, हात साच्यात, पाठ आमच्याकडे. मैत्री हिरमुसली. मलाही वाईट वाटलं.

दुसरा सुरू झाला. सोजरबाई स्क्रीनजवळ सरकल्या. नवऱ्याचं नाव त्यांनी जन्मात घेतलं नसावं. हळूच म्हणाल्या, "अहो… जरा इकडं बघा ना. लेक आलीय…"

चित्र वरून खाली उमटत गेलं. विलासराव मान वळवून आमच्याकडे बघत होते. ओळखीच्या हाकेला येतं तसं हसू. हात अजून साच्यातच.

"आई… हेच ना बाबा?" मैत्रीला रडू आवरेना.

सोजरबाईंची नजर त्या हातांवर होती. मी मशीन बंद करायला गेलो, पण तिसरा स्कॅन लागला होता. धप्प… असा जड आवाज झाला. माझ्या स्कॅनरला असला आवाज नाही. दुकानात गरम ऑइलचा वास सुटला.

तिसऱ्यात प्रेस मिटलेला होता. समोर कुणी नव्हतं. मी स्लाइड बाहेर काढली. ती सपाट झाली होती.

दुसऱ्या स्कॅनचा फोटो मैत्रीच्या घरी भिंतीवर आहे. सोजरबाई मात्र त्या दुपारपासून कुणालाच हाक मारत नाहीत. काही लागलं तर उठून येतात आणि खांद्याला हात लावतात.