म्वेम्बेनीला न थांबणारी गाडी

खोटं सांगून मला काय मिळणार? चेंगो माझा सख्खा आतेभाऊ. अर्धं त्याच्या तोंडून ऐकलंय आणि अर्धं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

मोम्बासा. ऑगस्टमधली संध्याकाळ. उन्हं उतरत होती.

चेंगो नैरोबीहून नव्या गाडीने येत होता. शेजारी बायको उमाझी, तिच्या मांडीवर आठ महिन्यांची लेक. आम्हा गिरियामा लोकांत पहिल्या लेकीला आजीचं नाव देतात. म्हणून तीही सिदी.

आजी सिदी म्हणजे माझी आत्या. तिने नातीला अजून एकदाही पाहिलं नव्हतं.

वर्षभर तिची छाती दुखत होती. फोनवर एकच धोशा... "पोरगी कधी दाखवतोस? मी गेल्यावर?"

"आलोच गं आई. पण तू स्टेशनवर जाऊ नकोस. गाडी आता आपल्या म्वेम्बेनीला थांबत नाही, पार शहराबाहेर थांबते."

"माणसं राहतात इथं आणि गाडी थांबते तिकडे रानात? काहीतरीच तुझं!"

तिचं तरी काय चुकलं? जुनी गाडी आमच्या दारातच थांबायची. तीही घोटभर पाणी पिऊन होईल एवढाच वेळ. चेंगो कॉलेजातून रात्रभर प्रवास करून यायचा आणि नेमका आमचं स्टेशन आलं की ढाराढूर! मग आत्या फलाटावरून एकेका डब्याच्या खिडक्या तळहाताने बडवत जायची.

थाप. थाप. थाप.

"चेंगो! ऊठ मेल्या, उतर!"

अख्खा डबा हसायचा.

तर त्या संध्याकाळी गाडी म्वेम्बेनीजवळ आली. नवा रूळ जुन्या फलाटाच्या शेजारून, उंच भरावावरून जातो. चेंगोचा डोळा लागला होता.

थाप...

लांबून. पुढच्या डब्याकडून.

थाप... थाप...

जवळ येत होती.

मग त्याच्याच काचेवर... थाप!

तो दचकून उठला. गाडी उभी होती. बाहेर आमचा जुना फलाट. आणि काचेला लागून...

आत्या.

ठेवणीतला कांगा अंगाला गुंडाळलेला. दोन्ही हात पुढे केलेले, बाळ घ्यायला.

चेंगोने लेकीला उचललं आणि दाराकडे पळाला. दार उघडेना.

"दार उघडा! माझी आई आहे खाली!"

"अहो, गाडी चालू आहे," डब्यातला कर्मचारी ओरडला. "बाळाला घेऊन कुठे निघालात? बसा बघू."

चेंगोने बाहेर पाहिलं. झाडं भराभर मागे पळत होती.

"थांबली होती ना गं?" त्याने उमाझीला विचारलं.

"कुठे थांबली? स्वप्न पडलं तुम्हाला."

बाळ मात्र मान वळवून मागेच बघत होतं.

आता माझं ऐका. त्या वेळी मी त्याच फलाटावर होतो. आत्या दुपारपासून बाकावर बसली होती. भजीवाल्या बाईला वाटलं, पेंगतेय. हलवून पाहिलं तर अंग थंडगार. आम्ही सगळे तिच्याभोवती रडत उभे होतो आणि वरून गाडी धडधडत गेली.

थांबली नाही. शपथेवर सांगतो, जरासुद्धा थांबली नाही.

गाडी गेल्यावर आत्याचे हात जुळवायला मी तिचा उजवा हात उचलला...

तळहात लालभडक झाला होता. सुजलेला. आणि गरम.

चेंगो शहराबाहेरच्या स्टेशनावरून गर्दीत अडकत अडकत पोहोचला, तेव्हा अंधार पडला होता. त्याने लेकीला आत्याच्या मांडीवर ठेवलं आणि हंबरडा फोडला. तो आवाज अजून माझ्या कानांतून जात नाही.

त्याला तीन वर्षं झाली.

चेंगो दर ऑगस्टला त्याच गाडीने येतो. म्वेम्बेनी आलं की पुढच्या डब्याकडून थापा सुरू होतात. उमाझीला काही ऐकू येत नाही. पण छोटी सिदी जागेवरून उतरते, बंद दारापाशी जाऊन उभी राहते...

आणि दोन्ही हात वर करते. कडेवर घ्यायला कुणी वाकलं की मुलं करतात, तसे.

परवा न राहवून मी चेंगोला फोन केला. "बाबा रे, यंदा बसने ये. पोरीचा तरी विचार कर. मला भीती वाटते."



तो म्हणाला, "बसने आलो तर आईला नात दिसणार कुठून?"