धरलेला हात

शाहूपुरीतल्या त्या हॉस्पिटलच्या अतिदक्षता विभागाबाहेर अकरा खुर्च्या होत्या, नऊ नातेवाईक, सात जेवणाचे डबे आणि एक बंद टीव्ही. नातेवाइकांचा ताण हलका करणं हे माझं काम. डोळे मिटायला सांगायचं, श्वास लांब सोडायला सांगायचा, निवांत वाटेल अशी जागा आठवायला लावायची. बोटांना तापमापकाच्या तारा लावलेल्या असत. ताण उतरला की बोटांत रक्त वाढतं, ती गरम होतात. शरीरशास्त्र शिकले होते. एवढ्यावर माझा विश्वास होता.

"झोपायची नोकरी लागली की आपल्याला," उचगावचे बाळासो म्हणाले. सगळे हसले. शिरोळच्या शांतव्वा हसल्या नाहीत. त्यांचे मालक, चनबसाप्पा, आत व्हेंटिलेटरवर होते.

त्या दुपारी सगळ्यांची बोटं गरम झाली. शांतव्वांचा डावा हातही. उजवा मात्र गार पडत गेला, खोलीतल्या हवेपेक्षाही गार. जिवंत माणसाचा कोरडा हात इतका गार पडत नाही. मी तार बदलली. आकडा तोच.

"आक्का, कुठली जागा आठवली?"

"नदीचा घाट. मालक पाण्यात हाईत, छातीपातूर. मी हात धरलाय न्हवं."

त्यांची उजवी मूठ गच्च वळलेली होती.

"सैल सोडा," मी सवयीनं म्हणाले.

त्यांनी दोन बोटं उघडली. आत यंत्र ओरडायला लागलं. सिस्टर धावल्या. शांतव्वांनी मूठ आवळली. आवाज थांबला.

खात्री करायची तर प्रयोग परत करावा लागतो. मी केला नाही.

"आक्का, चार घास खा की," बाळासो हळूच म्हणाले.

"कशानं खाऊ? हात रिकामा न्हाय."

तेवढ्यात दार उघडलं. चनबसाप्पांचं ऑपरेशन लगेच करायचं होतं, सही हवी होती. शांतव्वांबरोबर दुसरं कुणीच नव्हतं. त्यांनी बाळासोंकडं बघितलं. बाळासोंनी दोन्ही हात पाठीमागं घेतले.

"पोरी, तू धर जरा. सही करून येते."

त्यांचं समाधान व्हावं म्हणून मी उजवा हात पुढं केला. त्यांनी माझ्या तळव्यावर आपली मूठ टेकवली आणि एकेक बोट उघडलं.

"दाबून धर. पाण्याला ओढ हाय."

त्या आत गेल्या. दार मिटलं.

माझ्या तळव्यावर काहीच नव्हतं. मी मूठ मिटली.

ती पुरती मिटेना.

मग खांद्याला हिसका बसला. मी खुर्चीचा दांडा डाव्या हातानं पकडला. आत यंत्राचा ठोका संथ चालू होता.

"आक्का अजून कशा आल्या न्हाईत?" बाळासो म्हणाले.

मी दांडा आणखी घट्ट धरला. न विचारता त्यांनी तारा माझ्या बोटांना लावल्या आणि आकडे वाचून दाखवले.

खोली २८.१. डावा हात ३३.४. उजवा १९.६.