जागेवर नसलेली फाईल

"अहो, या यंत्राला नुसतं घ्यायलाच येतं का? द्यायला नको?"

ग्रंथपाल मुलगी पार वैतागली होती. टेबलाखालून इंटरनेट कंपनीचा माणूस बाहेर आला... डोकं टेबलावर आपटलं, केसांत जळमट, आणि वर चक्क हसू! तिलाही हसू फुटलं.

अंध श्रोत्यांसाठी ती पुस्तकं वाचून रेकॉर्ड करायची. फाईल तिच्या संगणकावरून थेट श्रोत्यांच्या संगणकांवर जावी, असं एक सॉफ्टवेअर बसवलेलं. डाऊनलोड झकास, अपलोड मात्र शून्य!

त्यानं राउटर पाहिला, अपलोडची मर्यादा पाहिली. सगळं ठीक.

"फाईल आहे कुठे?"

"आवरून ठेवली ना! लेखकाच्या नावाच्या फोल्डरमध्ये."

तो पोट धरून हसला. "अहो, सॉफ्टवेअर बिचारं जुन्या जागी शोधतंय! एकदा शेअर केलेली फाईल हलवायची नाही."

"म्हणजे पसारा टाकून घरी जाऊ?"

"खुशाल जा."

पण हाडाची ग्रंथपाल ती! पुन्हा आवरलं, पुन्हा शून्य, पुन्हा तो. दुरुस्तीला पाच मिनिटं पुरायची, चहाला मात्र तासभर लागायचा. ग्रंथालयाच्या मोठ्या बाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "काय गं, हा संगणक दुरुस्त करतोय की तुला बिघडवतोय?"

ती लाजून लाल झाली. मग एकदा चहा पिता पिता तो सहज बोलून गेला, "माझी बदली झालीय. शनिवार शेवटचा." तिला चहा गोड लागेना.

शनिवारी सकाळी तिनं कादंबरीचा शेवटचा भाग शेअर केला. आणि दुपारी... तीच फाईल स्वतःच्या हातानं हलवली. मग फोन केला.

तो धापा टाकत आला, खुर्चीत बसला, पण माऊसला हात लावेना. तिकडे माणसं शेवट ऐकायला ताटकळलेली, आणि आपण हे काय करून बसलो!

"थांबा," ती म्हणाली. "आज मी मुद्दाम हलवली. तुम्ही यावं म्हणून. लाज वाटतेय मला... त्या लोकांना उगाच थांबवलं."

"कोणीही थांबलेलं नाही." त्यानं मोबाईल पुढे केला. त्याच्या घरचा संगणक त्यावर दिसत होता, अपलोड धो धो चाललेलं. "पूर्ण फाईल ज्याच्याकडे असते, त्याच्याकडूनही ती इतरांना मिळते. तुमचा शेवटचा भाग सकाळीच माझ्याकडे उतरला. माझा संगणक पहिल्या दिवसापासून चालूच आहे."

"पण तुम्हाला कशाला हवीत ती पुस्तकं? डोळे तर चांगले आहेत!"

"कान जास्त चांगले आहेत. तुमचा आवाज ऐकल्याशिवाय जेवण जात नाही हल्ली."

ती ओढणीच्या टोकाशी चाळा करत राहिली. "मग... काही अडलेलं नाही हे माहीत असून धावत का आलात?"

"माहीत होतं म्हणूनच धावलो! आणि बदली नको असं साहेबांना सांगून आलोय. ते कारण मागतायत." त्याचा आवाज एकदम खाली आला. "काय सांगू?"

रॅकमागे मोठ्या बाईंची हालचाल थांबली होती. आता ऐकू देत, कोणाला ऐकायचं ते! तिनं मान वर केली, सरळ त्याच्या डोळ्यांत पाहिलं, आणि 'अहो-जाहो' कधी गळून पडलं ते तिचं तिलाच कळलं नाही.

"सांग... लग्न ठरलंय म्हणावं!"