चालक एकच

"गोट्या! अरे, तू इथे?"

विमेवालीनं खुर्चीतून जवळजवळ उडीच मारली, आणि चिंगीच्या हातातली गाडीची किल्ली एकदम जड झाली.

गोट्या? चिंगीनं मागे वळून पाहिलं. दारात फक्त भिंग्या उभा होता. पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत तिच्या शेजारच्या टेबलावर बसणारा, कुठलाही थेंब दोनदा पाहिल्याशिवाय त्याला शुद्ध न म्हणणारा, म्हणून भिंग्या. दोन वर्षं रोज त्याच्या डब्याशेजारी तिनं डबा उघडला होता, आणि हा कुणाचा तरी गोट्या आहे हे आज कळावं?

"तू इथे काम करतेस?" भिंग्याचा चेहरा कसा उजळला होता! प्रयोगशाळेत तो एवढा उजेड कधी पाडत नसे.

जुन्या गाड्यांच्या आवारात, एका कोपऱ्यात विम्याची ही काचेची केबिन होती. गाडी विकली की जुन्या मालकाचा विमा संपला; नवा निघाल्याशिवाय गाडी फाटकाबाहेर सोडायची नाही, असा इथला शिरस्ता. चिंगीच्या बाबांनीही सकाळपासून फोनवर तेच पालुपद लावलं होतं, "विमा हातात पडल्याशिवाय चाक हलवायचं नाही हं, चिंगे." चाक हलवणार होता अर्थात भिंग्या. चिंगीचं लायसन्स कोरं करकरीत होतं आणि आजवर तिनं गाडी चालवली होती ती शिकवणीच्या रिकाम्या मैदानावर. म्हणून तर त्याला सोबत आणलं होतं. म्हणजे... मुख्यतः म्हणून.

"कॉलेजात आम्ही एका बाकावर," विमेवाली चिंगीला सांगू लागली. "चिडवलं की याचे कान असे लाल व्हायचे! बघ, बघ, झालेच!"

झाले होते खरे. ते कान आपल्या मालकीचे आहेत असं काही चिंगीला वाटत नव्हतं. पण ते लाल होतात हा शोध आपण लावला, अशी तिची आजवरची समजूत होती.

आणि विमेवालीला खळी होती. एकाच गालावर. दोन असत्या तर चिंगीनं एक वेळ सोडून दिलं असतं, पण एकच असली की माणसाची नजर पुन्हा पुन्हा तिथेच जाते. भिंग्याची जात होती. चिंगी बघत होती.

"बरं, कामाचं बोलू," विमेवालीनं संगणकाकडे खुर्ची वळवली. "गाडी कोण कोण चालवणार? नीट विचार करून सांग हं. हा स्वस्तातला विमा आहे; ज्याचं नाव आत, त्यालाच संरक्षण. दुसऱ्यानं चालवली आणि ठोकली, तर एक पैसा मिळणार नाही."

"मी," चिंगी म्हणाली. "आणि..."

"आणि गोट्या ना? घालते. थांब रे, तुझी जन्मतारीख सांगू नकोस, मला पाठ आहे!"

तिची बोटं टकटक चाललीसुद्धा. गुलाबी नखं. चिंगीनं हातातल्या किल्लीनं टेबल ठोकलं.

"काढ ते. चालक एकच. मी."



"चिंगे," भिंग्या हळूच म्हणाला, "आपलं ठरलं होतं—"

"ठरलं होतं. आता नाही."

"एकदा पाठवलं की बदल उद्याच होईल," विमेवालीनं दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. "नक्की?"

"अगदी नक्की."

आणि मग, बाहेर आल्यावर, चिंगीला गाडी दिसली. बारीक पावसाची भुरभुर सुरू झाली होती. राखी रंगाची ती छोटीशी गाडी, तिच्यापुढे फाटक, आणि फाटकापलीकडे धो धो वाहणारा रस्ता. आपण काय करून बसलो...

भिंग्या निमूटपणे पलीकडच्या दारानं आत बसला. गुडघे डॅशबोर्डला टेकले.

पहिल्या झटक्यात गाडी बंद पडली. दुसऱ्यातही. केबिनच्या दारात विमेवाली हात हलवत उभी होती, खळीसकट.

"क्लच जरा हळू—"

"मला माहितेय!"

वायपर लावायला गेली तर इंडिकेटर लागला. तो बंद करायला गेली तर हॉर्न. तिसऱ्यांदा मात्र गाडी सुटली, फाटकाबाहेर पडली आणि दुसऱ्या गिअरमध्ये रस्त्याच्या कडेकडेनं चालू लागली. एक सायकलवाला त्यांना मागे टाकून गेला.

"मग, गोट्या?" समोर बघतच चिंगी म्हणाली. "जन्मतारीख पाठ आहे म्हणे."

"असणारच. तिचीही तीच आहे. वर्गात दोघांना मिळून एकच केक यायचा. तिचं नाव लिहून झालं की माझ्या नावाला जागाच उरायची नाही."

चिंगीला हसू आलं, पण तिनं ते गिळलं. एवढ्या स्वस्तात कोण सुटतं?

"आज बघत होतास की अगदी डोळे भरून."

"कोणाला?"

"खळीला!"

"खळी आहे तिला?" भिंग्यानं आश्चर्यानं विचारलं. "मी तिच्यामागच्या काचेत बघत होतो. तू दिसत होतीस. नाक फुगवलेली."

पुढे चढ होता, आणि चढावर नेमका लाल दिवा. चिंगीनं हँडब्रेक घट्ट ओढून धरला. काचेवर भुरभुर साचत होती, वायपर ती पुसत होता.

"गाडी शोधायला निघालो त्या पहिल्या रविवारी पाहिलेली पांढरी गाडी आठवते?" भिंग्यानं विचारलं.

"इंजिनात आवाज होता ती?"

"नव्हता."

"तूच तर म्हणालास—"

"खोटं बोललो. पुढच्या रविवारची लालही ठीक होती. त्यानंतरच्या गाडीत तर मला दोषच सापडेना, म्हणून रंग वाईट म्हटलं." कान पेटले होते. "गाडी मिळाली असती तर रविवार संपले असते, चिंगे."

तिची पकड हँडब्रेकवर तशीच राहिली.

"मग... ही का घेऊ दिलीस?"

"तू हिच्याकडे ज्या नजरेनं बघितलंस ना... तसं माझ्याकडे कधी बघितलं नाहीस. मला हेवा वाटला. गाडीचा."

"वेडा आहेस."

"आहेच."

"मला त्या बाकाचा वाटला," ती एकदम म्हणाली. "कॉलेजातल्या."

त्यानं तिच्या हातावर हात ठेवला, हँडब्रेकसकट. दिवा हिरवा झाला, मागून हॉर्नचा गलका उठला, आणि दोघांनी मिळून हँडब्रेक खाली केला. गाडी थरथरली, मागे सरकते की काय असं झालं... आणि चढ चढली.

घराची गल्ली डावीकडे आली. चिंगी सरळ गेली.

"अगं, इथे वळायचं होतं ना?"

"ज्याचं नाव विम्यात नाही," तिसरा गिअर टाकत चिंगी म्हणाली, "त्यानं गप्प बसायचं."