पट्ट्याचा लाल दिवा

गहिनीनाथनं उभी हयात मोटारसायकलवर काढली होती आणि तिचा वेगाचा काटा कधीच मरून पडला होता. टाकीत पेट्रोल किती, ते तो गाडी हलवून आवाजावरून ओळखायचा. त्यामुळे काष्टीत स्प्रे पंप दुरुस्तीचं दुकान चालवणारा हा माणूस पन्नाशी ओलांडल्यावर पहिल्यांदा स्वतःच्या चारचाकीत बसला, तेव्हा समोर उजळलेले काटे आणि दिवे बघून बावरूनच गेला.

त्याची मुलगी राजनंदिनी शेजारी बसली होती. नगरला कॉलेजात शिकणारी, गाडी बापाच्या आधी शिकलेली.

“आप्पा, चालू करताना सगळे दिवे एकदम लागतात. घाबरायचं नाही. गाडी स्वतःची तब्येत बघते. मग एकेक विझतो. लाल राहिला तर थांबायचं, पिवळा राहिला तर गॅरेजला दाखवायचं.”

“आन ह्यो निळा?”

“इंजिन थंड आहे म्हणून. जरा चाललं की जातो.”

मग तिनं पट्ट्याचा दिवा दाखवला. शेजारच्या सीटवर कुणी बसलं आणि पट्टा लावला नाही, तर लाल दिवा लागतो आणि गाडी टुंग टुंग करत राहते. गहिनीनाथला पटेना. तेवढ्यात त्याची बायको विजयमाला शेंगदाण्यांची पिशवी घेऊन आली. राजनंदिनीनं उतरून ती पिशवी सीटवर ठेवायला लावली. लगेच दिवा लागला. टुंग टुंग सुरू.

“पिशवीला बी माणूस समजती व्हय!” विजयमाला हसली. गहिनीनाथला मात्र गाडीचा लळा लागला तो त्याच क्षणी. आपल्या शेजारी कोण बसलंय याची काळजी करणारी वस्तू त्याच्या घरात याआधी आली नव्हती.

गाडीत पहिल्यांदा बसवायचं ते मुक्ताआत्याला, हे त्यानं केव्हाच ठरवलं होतं. पोरक्या गहिनीनाथला तिनंच वाढवलं होतं. आता ती पारनेरकडं, सुप्याच्या पुढच्या माळावरच्या वस्तीवर, आपला मुलगा श्रीमंत आणि सून ज्ञानेश्वरी यांच्याजवळ राहायची. थंडीचे दिवस होते. दुसऱ्या दिवशी दुपारी जेवून तो एकटाच निघाला. गाडी चालवताना फोन घ्यायचा नाही, ही राजनंदिनीची ताकीद. म्हणून त्यानं फोनचा आवाज बंद करून तो कप्प्यात टाकला.

श्रीगोंदा मागं पडलं. सुप्याचा हमरस्ता ओलांडून तो माळाला लागला. उन्हं कलली होती. डोंगरावरच्या पवनचक्क्या संथ फिरत होत्या, आणि काच खाली केली की त्यांचा आवाज यायचा... कुणीतरी झोपेत मोठे श्वास घ्यावेत तसा.

वस्तीच्या फाट्यावर मुक्ताआत्या उभी होती.

हिरवं लुगडं, डोक्यावर पदर, हात डोळ्यांवर धरून ती रस्ता न्याहाळत होती. गहिनीनाथनं गाडी थांबवली आणि धावत जाऊन तिच्या पाया पडला.

“आत्ये, एवढ्या गारठ्यात कशाला आलीस चालत?”

“तुझी गाडी बघायला. बसीव मला.”

त्यानं दार उघडून तिला पुढं बसवलं. मशेरीचा आणि चुलीच्या धुराचा तिचा वास गाडीत भरला. लहानपणी याच वासाला बिलगून तो झोपायचा.

“घरी नगं इतक्यात,” ती म्हणाली. “पवनचक्क्यांपातुर ने. आन मला सगळं सांग. ह्यो काटा कशाचा?”

मग गहिनीनाथ मुलीकडून शिकलेलं सगळं आत्याला सांगू लागला. हा वेगाचा. हा इंजिनाला किती धाप लागलीय त्याचा. हे पेट्रोल, आणि आहे त्यात गाडी किती लांब जाईल तो हा आकडा. आत्या प्रत्येक गोष्टीवर “अगं बया!” म्हणायची आणि लहान पोरीसारखी हसायची. मधेच तिनं मान वळवून मागं पाहिलं.

“मागनं बी दिसतंय का रं हे दिवं?”

“दिसतंय की. का गं?”

“काय न्हाई. इचारलं.”

माळावर आता गाडीशिवाय कसलाच आवाज नव्हता. गहिनीनाथ तिला लाल-पिवळ्याचा फरक समजावत होता, तेव्हा त्याचं लक्ष निळ्या दिव्याकडं गेलं. तो लागला होता. एवढं अंतर तोडून आलेलं इंजिन, आणि गाडी म्हणत होती ते थंड आहे.

नवी आहे, चुकत असेल, असं तो मनाशी म्हणाला. आणि मग त्याला आठवलं.

“आत्ये, पट्टा लावायचा ऱ्हायला बघ. आता वाजंल गाडी...”

गाडी वाजली नाही.

त्यानं समोर पाहिलं. पट्ट्याच्या दिव्याची जागा काळी होती. शेजारी आत्या बसली होती, हात मांडीवर घेऊन, समोरच्या उजेडात चेहरा उजळलेला. पट्टा तिच्या खांद्यामागं तसाच लोंबत होता. फाट्यापासून इथवर गाडी एकदाही वाजली नव्हती. शेंगदाण्याच्या पिशवीला वाजणारी गाडी...

गहिनीनाथनं वेग कमी केला. आत्याकडं बघायचा त्याला धीर होईना, आणि बघू नये असंही वाटेना.

“आत्ये...”

“काय रं लेकरा?”

आवाज तोच होता. ताप आला की रात्रभर उशाशी बसून बोलणारा. त्या आवाजाला भ्यायचं कसं, तेच त्याला कळेना.

“काय न्हाई,” तो म्हणाला. “गार न्हाई ना वाटत?”

“आता न्हाई वाटत.”

ती पुन्हा हसली. मग तिनं हात पुढं करून काट्यांवरची काच पदरानं पुसली, त्याचं नाक पुसायची तशीच, घाईघाईनं. गहिनीनाथनं गाडी तशीच सावकाश चालवली. पवनचक्क्यांच्या पायथ्याशी वळवली आणि पुन्हा माळावरून आणली. वाटेत त्यानं तिला उरलेले सगळे दिवे सांगितले, एकही वगळला नाही. बोलणं थांबलं तर काय होईल, याची त्याला भीती वाटत होती.

वस्तीचे पत्रे दिसू लागले, तशी ती म्हणाली, “थांबीव. हितं उतरते मी.”

“घरापातुर चल की.”

“तू हो फुडं. मी बांधानं येते. सावकाश चालीव जा.”

ती उतरली. काट्यांवरच्या काचेत गाडीचं छोटं चित्र उमटलं, त्यात पुढचं डावं दार उघडं होतं. दार लागलं, चित्र गेलं. त्याच क्षणी निळा दिवाही विझला. गहिनीनाथनं बाहेर पाहिलं. कापून नेलेल्या ज्वारीचं रान मोकळं पडलं होतं. बांधावर कुणी नव्हतं.

अंगणात माणसं जमली होती. श्रीमंत पुढं आला आणि त्याच्या गळ्यात पडला.

“किती फोन लावलं तुला, दादा... आत्ताच गेली म्हातारी. तुझी गाडी अंगनात आली आन...”

गहिनीनाथ उंबऱ्याशी बसला. घरात आत्या खाटेवर होती. अंगावर हिरवं लुगडं. ज्ञानेश्वरी तिच्या पायाशी रडत होती.

“कवापासनं हुतं असं?” त्यानं विचारलं.

“जेवान झालं आन पडली ती उठलीच न्हाई,” श्रीमंत म्हणाला. “डॉक्टर येऊन गेला, म्हनला हलवू नका. डोळं मिटल्यालं, पर सारखी बोलायची. हसायची बी. वात झाला म्हनलं आमी.”

“काय बोलायची?”

“काय तरीच. ह्यो काटा कशाचा, त्यो दिवा कशाचा. शेवटाला म्हनली, थांबीव, हितं उतरते मी.”

श्रीमंत पुढं सरकून हलक्या आवाजात म्हणाला, “मग मान वळीवली मागं. म्हनली, चला दादा, तुमी बी उतरा.”

मुक्ताआत्या आयुष्यभर एकाच माणसाला दादा म्हणत आली होती. तिचा थोरला भाऊ, गहिनीनाथचा बाप. विहीर खोदताना दरड अंगावर येऊन तो गेला, तेव्हा गहिनीनाथ पाळण्यात होता. बापाचा फोटोसुद्धा कुणाकडं नव्हता.

“आन मग?”

“जरा गप ऱ्हायली. मग हसली. म्हनली, ऱ्हाऊ द्या. त्यास्नी पोराच्या गाडीत बसायचंय.”

तिन्हीसांज झाली. सुप्याहून कापड आणि सामान आणायचं होतं, आणि गाडी फक्त गहिनीनाथकडं होती. श्रीमंत सोबत निघाला, पण गहिनीनाथनं त्याला आईजवळ थांबायला सांगितलं.

गाडीत बसून त्यानं दार ओढलं. बाहेर कोरडी थंडी होती. आत मात्र ओल्या गाळाचा वास होता, खोल विहिरीतून नुकत्याच उपसलेल्या. त्यानं काच खाली केली नाही. आरसा तेवढा वर वळवला, मागचं दिसू नये असा.

सगळे दिवे लागले, आणि एकेक करून विझले.

“सावकाशच चालीवतो,” गहिनीनाथ समोर बघत म्हणाला.

गाडी हलली. तशी त्याच्या सीटची पाठ, मागून कुणी आधाराला धरावी तशी, जराशी ओढली गेली.