अर्धं पाऊल मागे

सावरतळाचे बूट आल्यापासून साताऱ्यात लंगडत घरी येणारा धावपटू कुणी पाहिला नव्हता. यवतेश्वरचा घाट पूर्वी भल्याभल्यांचे गुडघे मागून घ्यायचा. आता साठी उलटलेली माणसं तो चढून-उतरून येत आणि पोह्यांच्या गाडीपाशी उभ्याउभ्या गप्पा ठोकत. कोणते बूट घ्यावेत, यावर वाद घालण्याची मजाही गेली होती. फोनवर मागवायचे, पहिले तीन दिवस नुसतं चालायचं, तेवढ्यात बूट तुमचा पाय शिकून घेई.

सावरतळ म्हणजे बुटाचा जागता तळ. त्यात मोहरीएवढे हजारो स्फटिक असत. पाऊल टेकलं की वजन कुठं पडलं, आधी टाच आली की चवडा, हे ते टिपत. आणि पुढचं पाऊल पडायच्या आत तळ एका बाजूनं फुगे, दुसऱ्या बाजूनं बसे. घोट्यापाशी एक पट्टी असे. ती मुंगी चावल्याएवढा विजेचा झटका देऊन सुस्त स्नायूला हलवे, की पाऊल सरळ. सायकल शिकणाऱ्या पोराच्या सीटला मागून हात लावून बाप पळतो ना, तसाच हा प्रकार. पोराला वाटतं, आपणच चालवतोय.

वैदेही निकम ही कन्याशाळेतली भूगोलाची बाई. वय बावन्न, आणि या बुटांवर ती सहा वर्षं पळत होती. पहिली जोडी तिला शंतनूनं आणून दिली, चाचणीसाठी. डॉ. शंतनू खर्शीकर हा सावरतळ घडवणारा शास्त्रज्ञ, पण तिच्या लेखी तो आधी धावण्यातला जोडीदार. अठरा वर्षं दर रविवारी दोघं घाटात जात. पूर्वी तो पुढे पळे आणि तिला ओढून नेई. चारेक वर्षांपासून मात्र तो तिच्या उजव्या हाताला, अर्धं पाऊल मागे राही. गाड्या उजवीकडून अंगावर येतात, म्हणून रस्त्याची बाजू त्यानं स्वतःकडे घेतली, असं तिनं धरून चाललं होतं. उतारवयात माणसं मऊ होतात, असं ती त्याला चिडवायचीही.

सावरतळ बोलकाही होता. 'उजवी पोटरी थकली आहे, आज विश्रांती घ्या,' असं तो कानात सांगे. स्पर्धेच्या तयारीत असलेल्या माणसाला विश्रांती घ्या म्हणणं म्हणजे लग्नघरात आज स्वयंपाक करू नका म्हणण्यासारखं. धावणाऱ्याला रोज कुठंतरी दुखतंच, आणि जो दुखणं ऐकत बसतो तो घाट चढत नाही, ही या मंडळींची श्रद्धा. त्यांनी त्या सोयीचं नाव 'कुरकुर' ठेवलं आणि एका रविवारी पोहे खाता खाता सगळ्यांनी मिळून ती बंद केली. वैदेहीनंही संमतीच्या मजकुराखाली न वाचता अंगठा टेकवला.

घाटाच्या स्पर्धेला, तिच्या दहाव्या स्पर्धेला, अडीच आठवडे उरले असताना इलाहीचाचांचा फोन आला. इलाही शिकलगार म्हणजे राजपथाच्या मागच्या गल्लीतले बूटवाले. सावरतळानं त्यांचं गिऱ्हाईक पळवलं होतं आणि आता ते दुकान बंद करत होते.

"ताई, तुमचा कागद घिऊन जावा," ते म्हणाले. "टाकवत न्हाई मला."

चाचांची पद्धत जुनी होती. गिऱ्हाइकानं ओल्या गोणपाटावर अनवाणी उभं राहायचं, मग खाकी कागदावर पाच पावलं चालायचं. ठसा वाळायच्या आत चाचा पेन्सिल फिरवत आणि त्यावरून बूट ठरवत. वैदेहीचा नऊ वर्षांपूर्वीचा कागद त्यांनी जपून ठेवला होता.

"आता आलाच हाय तर एक शेवटचा देऊन जावा. दुकानाची आठवण."

ती हसत गोणपाटावर उभी राहिली आणि चालली. चाचा पेन्सिल घेऊन वाकले आणि वाकलेलेच राहिले.

"परत चाला, ताई."

ती परत चालली. तिसऱ्यांदाही चालली. डावी पावलं नऊ वर्षांपूर्वीच्या पावलांवर ठेवावीत इतकी तशीच होती. उजव्याची टाच कागदावर जेमतेम उठली होती, आणि बोटांपुढे पाण्याचा लांब फराटा होता. पाय उचललाच जात नव्हता, ओढला जात होता.

"कागद खोटं बोलत न्हाई," चाचा हळूच म्हणाले. "माझ्या अब्बांचं असंच सुरू झालं हुतं. चप्पल पायातनं निसटायची आन् त्यास्नी पत्त्याच न्हाई."

वैदेहीला तिच्या चपला आठवल्या. उजवी सारखी निसटते म्हणून वर्षभरात तिनं दोन जोड बदलले होते आणि दोन्ही वेळा दुकानदाराला नावं ठेवली होती.

पुण्याच्या डॉक्टरांनी दोन दिवसांत सगळ्या तपासण्या केल्या. कंपवात. सुरुवात किमान चार वर्षांपूर्वीची. या रोगावर आता मज्जारक्षक नावाची लस होती. मेंदूतल्या मरू लागलेल्या पेशींना ती जिथल्या तिथं थोपवून धरी. मात्र ती पहिल्या दोन वर्षांत द्यावी लागे. "आता आपण वेग कमी करू," डॉक्टर म्हणाले. "थांबवता येणार नाही. इतक्या उशिरा कशा आलात? तुम्हाला चालताना काहीच जाणवलं नाही?"

ती घरी न जाता सरळ शंतनूच्या प्रयोगशाळेत गेली. रडायचं होतं, आणि रडायला तिच्याकडे तोच होता.

"शंतनू, माझ्या पायात काहीतरी निघालंय."

"बस आधी," तो उठत म्हणाला. "लस अजून देता येईल म्हणाले का? उजवा आता किती..."

तो तिथंच थांबला. कुठला पाय, हे तिनं सांगितलं नव्हतं. लशीचं तर नावही काढलं नव्हतं.

"तुला कधीपासून माहीत आहे?" तिनं विचारलं. आवाज आपला आहे असं तिला वाटलं नाही.

"चार वर्षं." मग त्यानं भर घातली, "आणि दोन महिने. तुझ्या बुटाचे आकडे माझ्याकडेच येतात."

"आणि तू बोलला नाहीस."

"तू लस घेतली असतीस तर पाऊल पुढे बिघडलंच नसतं, वैदेही. मग तळ एकटा किती सावरू शकतो, हे कुणाला कळलंच नसतं. तुझ्या पायानं ते सिद्ध केलं. पुढच्या वर्षी हजारो रुग्ण काठीशिवाय चालतील, आणि ते..."

"त्यातली मी एक."

तो खाली बघू लागला. "कुरकुर तू बंद केली होतीस. कळवू नये म्हणून अंगठा दिला होतास."

"बुटाला दिला होता. तुला नव्हता."

बाहेर कुणीतरी ट्रेडमिलवर पळत होतं, त्याची एकसारखी पावलं भिंतीतून ऐकू येत होती. वैदेहीला एकदम काहीतरी सुचलं, आणि ते सुचू नये असं तिला फार वाटलं.

"तू माझ्या उजव्या हाताला पळायचास. गाड्यांसाठी नव्हतास ना तिथं?"

"आकडे बरोबर येताहेत का, ते डोळ्यांनी पडताळावं लागतं," तो म्हणाला.

रोगाचं तिला दुःख होतं, पण रोग कुणी मुद्दाम दिला नव्हता. तिला लागला तो हा अर्ध्या पावलाचा हिशेब. घाटात तिनं त्याला आईच्या आजारपणाचं सांगितलं होतं, नोकरीतले अपमान सांगितले होते, एकदा चढावर थांबून पोटभर हसली होती. तेव्हा शेजारी कोण होतं, मित्र की मोजमाप घेणारा, हे आता तिला कधीच कळणार नव्हतं. तिच्या पदकांतली किती पावलं तिची आणि किती तळाची, हेही नाही.

"बूट काढू नकोस," तो म्हणाला. तो खरंच काळजीनं बोलत होता, तेच जास्त वाईट होतं. "मेंदूनं ते काम सोडून दिलंय. बूट असतील तर स्पर्धेत तुझी आजवरची सर्वांत चांगली वेळ येईल. नसतील तर पाय फरफटेल."

स्पर्धेच्या सकाळी वैदेही रांगेच्या अगदी शेवटी उभी राहिली. पायात इलाहीचाचांनी दिलेले साधे बूट होते. पहिल्या वळणापर्यंत जायचं, एवढंच तिनं ठरवलं होतं. जेवढं जमेल तेवढं तरी आपलं.

शंतनू गर्दीतून वाट काढत आला. त्याच्या पायात नवे कोरे सावरतळ होते.

"हट्ट करू नकोस. पडशील."

"एक विचारू?" ती म्हणाली. "तुझ्या बुटाची माहिती कोण बघतं?"

"माझी? आमची बंगळूरची तुकडी. स्वतःची माहिती स्वतः उघडायची नाही, असा चाचणीचा नियम आहे."

"तुझी कुरकुर बंदच आहे ना?"

"सगळ्यांचीच असते."

"बंगळूरचे लोक कधी काही म्हणाले?"

"नाही. काही असतं तर त्यांनी..." त्यानं वाक्य पुरं केलं नाही.

"मलाही कुणी काही म्हणालं नव्हतं," वैदेही म्हणाली.

शिट्टी झाली. दोन हजार माणसं निघाली. सगळ्यांची पावलं सरळ आणि सारखी, कुणाच्या चालीवरून कुणाचं काहीही कळू नये अशी. त्यांच्या मागून वैदेही निघाली. उजवा बूट दर पावलाला डांबरावर खरडत होता. पहिल्या वळणाशी पोहोचायला तिला बराच वेळ लागला. तिथं ती कठड्याला धरून उभी राहिली आणि तिनं खाली पाहिलं.

रिकाम्या रस्त्याच्या कडेला शंतनू बसला होता. त्यानं एक बूट आणि मोजा काढून ठेवला होता आणि उघडं पाऊल जमिनीपासून वीतभर वर धरलं होतं. ती बराच वेळ बघत राहिली. त्यानं ते टेकवलं नाही.